झडपेवरचा चुना

टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट हाती आला की आपण त्यात एकच आकडा शोधतो, ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदयातलं शेकडा किती रक्त बाहेर पडतं तो. तो साठच्या घरात दिसला की फॅमिली ग्रुपवर 'हार्ट एकदम ओके' टाकायचं आणि फाईल साडीच्या दुकानाच्या पिशवीत, आधीच्या सगळ्या फायलींसोबत, कपाटावर चढवायची. त्या आकड्याच्या वर-खाली आणखी पाच-सात ओळी असतात. त्या डॉक्टरांसाठी आहेत असं आपण धरून चालतो. ओपीडीतली गर्दी पाहता डॉक्टरही बहुधा त्या आपल्यासाठी आहेत असं धरून चालत असावेत.

माझ्या आत्याच्या रिपोर्टात अशी एक ओळ होती. 'मायट्रल ॲन्युलर कॅल्सिफिकेशन, माइल्ड टू मॉडरेट.' तिच्या खाली, 'एओर्टिक व्हॉल्व्ह स्क्लेरॉटिक, नो स्टेनोसिस.' मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी फिटनेस लागतो म्हणून काढलेला तो इको. फिटनेस मिळाला, डोळा झाला, आत्या पुन्हा पेपरातलं शब्दकोडं सोडवू लागली. ओळ कपाटावर गेली ती गेलीच. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही.

आत्या नागपूरच्या महाल भागात राहते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे अर्धा महाल तिला 'बाई' म्हणतो आणि उरलेला अर्धा तिला टाळून दुसऱ्या गल्लीने जातो.

मे महिन्यात नागपुरात माणसाला काहीही झालं तरी निदान आधीच ठरलेलं असतं: ऊन लागलं. चक्कर आली, ऊन लागलं. उलटी झाली, ऊन लागलं. पारा पंचेचाळिसाच्या वर गेलेला असतो, रस्ते दुपारी ओस पडलेले असतात, खिशात कांदा ठेवणारी माणसं अजून आहेत, तेव्हा या निदानात चूक काढणं कठीण. त्या संध्याकाळी आत्या पन्ह्यासाठी उकडलेल्या कैरीचा गर काढत बसली होती. उजव्या हातातला चमचा पडला. तिने तो उचलायला हात नेला तर हात गेलाच नाही. मोलकरणीला हाक मारली ती हाक म्हणजे नुसता लोळागोळा शब्द. ओठाचा एक कोपरा खाली आलेला. शेजारपाजारचे धावले, कांदा ठेचून तळपायाला चोळला, कूलर तिच्या तोंडासमोर फिरवला आणि तेच पन्हं चमच्याने पाजायला घेतलं. जिचं तोंड वाकडं झालंय आणि शब्द फुटत नाहीयेत तिला गिळता येईलच याची खात्री नसते. घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो, म्हणून अशा वेळी काहीही पाजायचं नसतं. पण प्रेमाने पुढे केलेला चमचा अडवायचा कोणी?

पंधरा-वीस मिनिटांत सगळं जागेवर. मी त्रिमूर्तीनगरातून पोचलो तोवर ती खाटेवर बसून पन्ह्यात जिरेपूड कमी पडली म्हणून मोलकरणीला झापत होती. दवाखान्यात जायला तयारच नव्हती. "उतरलं ना ऊन? मग आता काय करून राहिलास तू?" रात्रीच नेली, भांडत भांडत.

आलेलं परत गेलं म्हणून ते सोडून द्यायचं नसतं, हे इथेच सांगतो. मेंदूकडे जाणारा रक्ताचा रस्ता काही मिनिटं तुंबला आणि आपोआप मोकळा झाला, याला टीआयए म्हणतात. त्यानंतर मेंदूचा मोठा झटका, म्हणजे लकवा, येण्याचा सगळ्यात जास्त धोका पहिल्या दोन दिवसांत असतो. ज्या दोन दिवसांत घरोघरी 'बरी आहे आता, काही नाही, ऊन होतं' असं चाललेलं असतं तेच दोन दिवस.

एमआरआयमध्ये ताजं काही निघालं नाही. जुनं निघालं. मेंदूत खोलवर दोन-तीन बारीक डाग, कधीतरी येऊन गेलेल्या आणि आत्याला कळलेही नाहीत अशा झटक्यांचे. मेंदूच्या डॉक्टरांनी मान हलवली, मानेच्या शिरांचा डॉपलर करायला सांगितला आणि हृदयाचं काय म्हणून विचारलं. तेव्हा पिशवीतून तो जुना इको बाहेर आला. त्यांनी ईएफ पाहिला नाही. सरळ त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे कोणी समजावून सांगितलं होतं?"

इको पुन्हा झाला. धंतोलीतली ती खोली लहान, एसी कडक, भिंतीवर गणपती. आत्या डाव्या कुशीवर, छातीवर गार जेल, आणि मशीनमधून येणारा तो फुसफुसणारा आवाज. कार्डिऑलॉजिस्ट तरुण मुलगी होती आणि तिला समजावून सांगायची हौस होती, हे आमचं नशीब. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. करड्या धुरकट चित्रात दोन पातळ पाकळ्या उघडत होत्या, मिटत होत्या. डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामधली ही मायट्रल झडप. दिवसाला लाखभर वेळा उघडते आणि मिटते. त्या पाकळ्या ज्या कड्याला धरून असतात त्या कड्याच्या मागच्या बाजूला एक पांढरी कमान होती, चुन्याने ओढल्यासारखी लखलखीत. तिथे जमलेलं कॅल्शियम. रिपोर्टातली ती मायट्रलची ओळ म्हणजे हीच. पाकळ्या हलायच्या तसं सगळं चित्र हलायचं, पण तिचा पांढरेपणा तसूभर कमी होत नव्हता. तिच्या मागे काळी सावली पडली होती. ध्वनिलहरी त्या कठीण भागातून पलीकडे जातच नाहीत, म्हणून मागचं काही दिसत नाही, असं ती म्हणाली.

आत्या कुशीवरूनच म्हणाली, "म्हणजे कूलरच्या जाळीवर जमतो तसा क्षार?"

नागपूरकराला हे उदाहरण सुचणारच. बोअरिंगच्या पाण्यावर एक उन्हाळा कूलर चालवला की गवताच्या ताट्या कडक होतात, जाळीवर पांढरा थर बसतो, मोटर घरघरते. मार्चमध्ये खरवडायला बसलं की अंगठ्याचं नख जातं. डॉक्टर हसली, "अगदी तसंच." मलाही ते पटलं. मग मी वाचत गेलो आणि कळलं की दिसायला तसंच असलं तरी घडतं वेगळंच. कूलरवरचा क्षार पाण्यातून येतो. पाणी उडून जातं, क्षार उरतो. पाणी बदला, थर थांबतो. झडपेवरचा थर असा वरून येऊन बसत नाही. तिथल्या पेशीच आपला मूळ धर्म सोडून हाडं घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. २००१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या साडेतीनशेच्या आसपास झडपा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. बहुतेकींत कॅल्शियम होतंच, पण शंभरात तेरांमध्ये चक्क पक्कं हाड तयार झालेलं आढळलं, त्यात मज्जेसकट. हृदयाच्या झडपेत हाड! हे वाचल्यावर मी बराच वेळ दुसरं काही वाचू शकलो नाही.

हे का होतं याची उत्तरं मात्र ओळखीचीच आहेत. वय. वर्षानुवर्षांचं वाढलेलं बीपी, ज्याचा ताण त्या कड्यावर येतो. मधुमेह, तंबाखू, किडनीचा आजार. एओर्टिक झडपेच्या, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त सोडणाऱ्या झडपेच्या, बाबतीत लायपोप्रोटीन-ए नावाचा, वंशपरंपरेने आलेला, कोलेस्टेरॉल वाहणारा एक कणही यात हात घालतो, हे २०१३ साली जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलं. दूध या यादीत नाही.

दुधाचं सांगायलाच हवं, कारण आत्याच्या घरी आठवडाभर त्यावरून रणकंदन झालं. समोर राहणारा, सगळे ज्याला 'भाऊ' म्हणतात तो, तिचाच एकेकाळचा विद्यार्थी, आता पन्नाशीचा, समाचाराला आला. तळहातावर खर्र्याची पन्नी, अंगठ्याने घोटणं चालू. "बाई, चुना जमला म्हणते ना डॉक्टर? मग दूध बंद करा न जी. कॅल्शियम दुधातच राह्यते." असं म्हणत त्याने चुना लागलेला तो तंबाखू-सुपारीचा लगदा गालात सारला. आत्याने त्या रात्रीपासून झोपतानाचं दूध सोडलं. दही सोडलं. पोळीवरचं तूपसुद्धा सोडलं, कारण तेही गाईचंच! पुढच्या भेटीत डॉक्टरने आधीच्या हाडांच्या तपासणीचा कागद काढला. कंबरेची हाडं ठिसूळ. हाडात हवं तिथे कॅल्शियम नाही, हृदयात नको तिथे आहे, आणि उतारवयातल्या बायकांत ही जोडी पुष्कळदा एकत्र दिसते. "दूध प्या," ती म्हणाली. "झडपेला त्याच्याशी काही घेणं नाही."

मग औषध काय? थर विरघळवणारं काहीच नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी एओर्टिक झडपेचं आकसणं थांबेल अशी मोठी आशा होती. २००५ ते २०१० या काळात तीन चाचण्या झाल्या आणि तिन्हींत ती फोल ठरली. त्या गोळ्या रक्तवाहिन्यांसाठी उपयोगी आहेत, त्या घ्यायच्याच, पण झडपेवर त्यांची मात्रा चालत नाही. एओर्टिक झडप अगदीच आकसली तर ती बदलता येते, आणि २००२ साली फ्रान्समधल्या रुआँ शहरात आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता नळीतून ती पहिल्यांदा बसवली तेव्हापासून म्हाताऱ्या माणसांसाठीही ते शक्य झालं. आत्याची झडप त्या टोकाला गेलेली नव्हती. तिच्यापुढचा प्रश्न मेंदूचा होता.

हृदयाच्या झडपेचं कडं आणि मेंदूतला झटका, यांचा संबंध कोणी आधी नीट मोजला? मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या तब्येतीची नोंद ठेवली जाते. तिथल्या, आधी कधी झटका न आलेल्या ११५९ माणसांचा इको झाला. सत्तरीच्या आसपासची माणसं. त्यातल्या १६० जणांच्या मायट्रल कड्यावर असा थर होता, बायकांमध्ये प्रमाण जास्त. आठ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं आणि १९९२ साली निष्कर्ष छापला: थर असलेल्यांना झटक्याचा धोका सुमारे दुप्पट.

हे मी आत्याला वाचून दाखवलं. तिने चष्मा लावला, शब्दकोड्याच्या कडेला पेन्सिल घेतली. "नुसतं दुप्पट नको सांगू. आकडे सांग."

थर असलेल्या १६० पैकी २२ जणांना झटका आला. नसलेल्या ९९९ पैकी ५१.

"एकीकडे शेकडा पावणेचौदा. दुसरीकडे शेकडा पाच. ही तर पावणेतीन पट झाली रे. दुप्पट कुठून आली?"

बरोबर होतं तिचं. थर असलेली माणसं मुळात जास्त वयाची, जास्त बीपीची, जास्त आजारी असतात. वय, बीपी, मधुमेह, सिगारेट, हृदयाचे ठोके चुकणं, या सगळ्यांचा वाटा हिशेबातून काढून टाकला तरी जे उरतं ते दुप्पट. थर जितका जाड तितका धोका जास्त, एकेका मिलिमीटरने चढता. आत्याने मान डोलावली. मग वजाबाकी केली. "म्हणजे एकशे अडतीस जणांना आठ वर्षांत झटका आलाच नाही."

हे मला सुचलं नव्हतं. 'धोका दुप्पट' हा शब्दप्रयोग बातमीत टाकला की घाम फुटतो, आणि तोच कागद गणिताच्या बाईच्या हातात दिला की एकशे अडतीस माणसं जेवून-खाऊन, नातवंडांना रागावत आठ वर्षं काढताना दिसतात. दोन्ही खरं आहे. पण म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी कोणतं ठेवायचं, याचा विचार सांगणाऱ्याने करावा असं माझं मत आहे.

यापुढचा प्रश्न अवघड आहे. तो थर झटका आणतो, की झटका आणणाऱ्यांच्या संगतीत तो असतो? कधीकधी तो थेट गुन्हेगार असतो. चुन्याचा एखादा कण सुटतो, रक्ताबरोबर मेंदूत जातो आणि अडकतो. सीटी स्कॅनमध्ये तो पांढऱ्या ठिपक्यासारखा चमकतो, आणि गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनने तो विरघळत नाही, कारण तो गुठळी नाहीच. खडबडीत कड्यावर रक्ताची बारीक गुठळी धरणंही शक्य असतं. पण असं थोड्यांच्या बाबतीत घडतं. बहुतेकदा तो थर म्हणजे आतल्या रक्तवाहिन्यांच्या अवस्थेची बाहेर दिसणारी खूण असतो. ज्या कारणांनी कडं कठीण झालं त्याच कारणांनी मानेतल्या आणि मेंदूतल्या शिराही झिजलेल्या असतात. अमेरिकेतल्या मूलनिवासी समाजांत झालेल्या आणि २००५ साली छापलेल्या अभ्यासातही मायट्रल कड्यावरच्या थराचा झटक्याशी संबंध दिसला. एओर्टिक झडपेच्या नुसत्या जाड होण्याचा स्वतंत्र संबंध तिथे दिसला नाही. सगळ्या झडपांना एकाच मापाने मोजून चालत नाही, एवढं यातून घ्यायचं.

आणि तिसरी वाट, जी आत्याच्या बाबतीत खरी निघाली. कडं कठीण झालेल्या माणसांत डावा वरचा कप्पा पुष्कळदा मोठा झालेला असतो. तो मोठा झाला की त्याची लय बिघडू शकते. तो नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. एट्रियल फिब्रिलेशन. थरथरत्या कप्प्यात रक्त साचतं, साचलेल्या रक्तात गुठळी होते आणि ती सुटली की पहिला मोठा रस्ता मेंदूचा. या एका बिघाडाने झटक्याचा धोका जवळजवळ पाचपट होतो, हेही फ्रेमिंगहॅमचंच गणित. गंमत अशी की हा बिघाड येतो-जातो. दवाखान्यातला ईसीजी दहा सेकंदांचा, त्यात आत्याचं सगळं सुरळीत. म्हणून छातीवर यंत्र चिकटवून काही दिवस नोंद घेतली. पहाटेच्या वेळी, ती गाढ झोपेत असताना, तास-तासभर ठोके सैरावैरा धावलेले सापडले. आधीची ॲस्पिरिन गेली, रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी सुरू झाली.

नुसता थर दिसला म्हणून ही गोळी कोणी सुरू करत नाही, करूही नये. रक्तस्रावाचा धोका तिच्यासोबत येतो. ठोके बिघडलेले सापडले म्हणून ती आली. ही तफावत डॉक्टरने दोनदा सांगितली, कारण समोरच्या भावाने तोवर स्वतःच्या आईसाठी त्याच गोळीची पट्टी आणून ठेवली होती.

डॉक्टरने आत्याला आणखी एक विचारलं होतं: लहानपणी घसा दुखून सांधे सुजायचे का? विदर्भात तो प्रश्न विचारावाच लागतो. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप बालपणीच खराब झालेली, तिशीत लकवा मारलेली माणसं आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यांच्या रांगेत आजही दिसतात. तिथे पाकळ्याच एकमेकींना चिकटतात. तो आजार वेगळा, त्याची औषधंही वेगळी. रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्यांपैकी एक त्या रुग्णांत जुन्या, दर महिन्याला रक्त तपासून घ्यायच्या गोळीपेक्षा कमी पडली, असं २०२२ साली मोठ्या चाचणीत दिसलं. आत्याला तसं काही नव्हतं. ती नुसती म्हातारी झाली होती, असं ती स्वतः म्हणाली.

मला या सगळ्यात चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. नागपुरात दवाखान्यांना तोटा नाही. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, पलीकडे छिंदवाडा-बालाघाटपासून माणसं इथे येतात. धंतोलीत एका गल्लीत हृदय, दुसऱ्या गल्लीत मेंदू, रामदासपेठेत किडनी, आणि गाडी लावायला कुठेच जागा नाही. प्रत्येक जण आपापला अवयव उत्तम पाहतो. एका फाईलमधली ओळ दुसऱ्या फाईलला सांगायचं काम मात्र नातेवाइकाच्या हातातल्या पिशवीकडे सोपवलेलं असतं. आत्याला पिशवी सांभाळणारं कोणी तरी आहे. गडचिरोलीहून पावणेदोनशे किलोमीटर रात्रीची गाडी करून येणाऱ्याचं काय? गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची. त्यातला पहिला तास 'ऊन लागलं' यात जातो, दुसरा गाडी मिळवण्यात. मग कबुतराच्या रक्ताने मालिश सुचवणारा कोणी तरी भेटतोच.

आत्या आता रोज सकाळी मनगटावर बोटं ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाडी मोजते. ठोक्यांची संख्या लिहिते, पुढे 'नियमित' किंवा 'अनियमित'. बीपीचं मशीन घेतलंय, त्याची वेगळी वही. झोपताना दूध पुन्हा सुरू आहे. गल्लीतल्या बायकांचं बीपी मोजण्याचा तिने उद्योग लावून घेतलाय आणि वरचा आकडा दीडशेच्या पुढे गेला की ती पूर्वीसारखीच कान पिळल्यासारखं बोलते. परवा मी गेलो तर समोरचा भाऊ बाही वर करून बसला होता. मशीनवर एकशे बहात्तर. तो घाबरून विचारत होता, "बाई, मग म्या बी इको काढून घेऊ काय जी? कुठं चांगला काढते?"

आत्याने वहीत त्याचं नाव लिहिलं, तारीख टाकली आणि म्हणाली, "इको मागून. आधी बीपीची गोळी विचारून ये. त्याच्याही आधी तोंडातला खर्रा थुंकून ये, मग पाच मिनिटं गप बस, पुन्हा मोजते."